सरासरीचा वारा

मुलुंड, ९ जुलै

सिद्धेश,

तुमच्या कंपनीच्या वकिलांनी तुम्हा लोकांना या प्रकरणावर फोनवर किंवा मेलवर कुणाशी बोलू नका अशी ताकीद दिली आहे, असं कळलं. टपालाचं नाव घ्यायला ते विसरले असतील. म्हणून हे पत्र. सिंगापूरला पोचायला लागतील तेवढे दिवस लागू देत, माझा राग नासणाऱ्यातला नाही.

काय घडलं ते तुला कंपनीच्या भाषेत माहीत असेल. मी माणसांच्या भाषेत सांगते. जूनच्या मध्यावर अरबी समुद्रात वादळ उठलं तेव्हा माझा भाऊ प्रीतम भर समुद्रात होता. तो ज्या टगबोटीचा कॅप्टन, तिच्यामागे क्रेन लादलेला एक अवजड बार्ज, बिनइंजिनाचा सपाट तराफाच, दोराने बांधलेला होता. त्याने किनाऱ्यावरच्या ऑफिसला विचारलं, परत येऊ का? ऑफिस हवामानाचा सल्ला तुमच्याकडून घेतं. तुमचा सल्ला आला की या दिवसांत समुद्रावर खूप उंचीवर पूर्वेचा जोरदार वारा असतो, तो वादळाचं डोकं उडवून देईल, दिवसभरात वादळ विस्कटेल, तेव्हा जागेवरच थांबा. ऑफिसने सांगितलं, थांब. प्रीतम थांबला.

वादळ विस्कटलं नाही. बार्ज आडवा फिरला आणि दोराने बोटीला बाजूने खाली ओढायला लागला. दोर सोडायचा खटका अडकला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर अख्खी बोट माणसांसकट कलंडली असती. प्रीतमने दोघांना डेकवर पाठवलं. दोर सुटला. एकजण आत आला. सम्यक नावाचा मुलगा आला नाही.

आता चौकशी बसली आहे आणि तुमची कंपनी म्हणते, सल्ला हा सल्ला असतो, शेवटचा निर्णय कॅप्टनचा. म्हणजे प्रीतमचा परवाना जाणार, नाव जाणार, आणि तुम्ही पुढच्या बोटीला सल्ला देणार.

चौकशीच्या कागदांबरोबर तो सल्ला त्याला मिळाला. काल त्याने तो माझ्यासमोर ठेवला. खाली सही नाही, 'हवामान विभाग' एवढंच. दुसऱ्या पानावर नकाशा. अरबी समुद्र, जून महिना, बारा किलोमीटर उंची, पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारे निळे बाण. कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोन नावं. एक तुझं. एक माझं.

सिद्धेश, आपण तो नकाशा याच खोलीत केला रे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मुंबई, गोवा, मिनिकॉय इथून बलून सोडून मोजलेले तीस वर्षांचे वारे. तू सरासरी काढायचास, आणि मी प्रत्येक वर्षाच्या जूनचा वेगळा कागद करून भिंतीला लावायचे. एखाद्या जूनचे बाण वीतभर लांब, एखाद्याचे नखाएवढे, आणि पाऊस लांबलेल्या वर्षी काही चक्क उलट तोंड करून. तू म्हणालास, "सरासरी काढली की कसं सगळं सरळ होतं बघ." मी भांडले. म्हणून तर आपण दुसरा नकाशा केला, ही सरासरी कुठे किती डळमळते ते दाखवणारा. जूनमध्ये अरबी समुद्र त्यात लालभडक होता. मी इथे कॉलेजात दरवर्षी बारावीच्या पोरांना ते दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवून दाखवते. तुमच्या सल्ल्यात दुसरा नकाशा कुठे गेला?

आणि त्या दिवशीचा वारा? तो कुणी बघितला? मी बघितला, काल. बलूनची मोजमापं कुणालाही बघायला मिळतात. यंदा पाऊस लांबला होता. पूर्वेचा तो वारा अजून आलेलाच नव्हता. बारा किलोमीटरवर हवा जवळजवळ पडलेली होती. वादळाला कुणी हात लावणारं नव्हतं.

तो सल्ला तू लिहिलास का? दुसरं काही लिहू नकोस. हो की नाही, एवढंच.

अनुपमा


मुलुंड, २८ जुलै

सिद्धेश,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. "अनु, तो सल्ला मीच लिहिला. पण ही आमची ठरलेली पद्धत आहे आणि सगळीकडे हीच चालते. वेळ कमी असतो, सल्ले खूप असतात. प्रीतमबद्दल फार वाईट वाटतं."

प्रीतमबद्दल वाईट वाटतं? प्रीतम जिवंत आहे. विक्रोळीत घरी आहे, दोन वेळा जेवतो, बायको निधी रागावली तर दाढीही करतो. जो मेला त्याचं नाव तुझ्या चार ओळींत नाही. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तरी नाही. म्हणून आज तुला सम्यकबद्दल सांगते. वाचायचं नसेल तरी वाच.

सम्यक माहुलला राहायचा. आधी विक्रोळीत नाल्याकाठी त्यांची खोली होती. नाला रुंद करताना ती तोडली आणि त्यांना तिकडे रिफायनरीशेजारच्या इमारतीत घर दिलं. वडील पूर्वीच गेलेले. आई, दर्शनाताई, घरातच पाळणाघर चालवते. सम्यक बोटीवर लागला तो प्रीतमच्या ओळखीने. हुशार होता. प्रीतम त्याला तारे ओळखायला, चार्ट वाचायला शिकवत होता. पुढची परीक्षा द्यायची होती त्याला. डेकवरून समुद्राचा आवाज रेकॉर्ड करून आईला पाठवायचा, पाळणाघरातली पोरं तो ऐकत झोपायची म्हणून.

परवा प्रीतम मला म्हणाला, "ताई, मला त्यांच्याकडे जायचंय. एकट्याने होत नाही." घाटकोपरहून आम्ही बसने गेलो. तिथे उतरल्या उतरल्या तो वास नाकात बसतो, डोळे चुरचुरतात. तू अशा ठिकाणी कधी गेला नाहीस. मीही गेले नव्हते.

दर्शनाताई दारातच उभ्या होत्या. आत पोरं झोपलेली. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि सरळ विचारलं, "तुम्ही पाठवलं त्याला डेकवर?"

प्रीतम म्हणाला, "हो."

"का?"

त्याने सांगितलं. दोराचं, खटक्याचं, बोट कशी कलली त्याचं. एकही गोष्ट गाळली नाही. कंबरेचा सुरक्षा-दोर लावायचा राहिला, हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते कळलं. तिथे तुम्ही काय करणार होता. पण वादळ येतंय दिसत होतं, तर आधीच का नाही फिरलात?"

"वरून सांगितलं थांबा."

"वरून म्हणजे कोण?"

"ऑफिस."

"ऑफिसला कुणी सांगितलं?"

"हवामानवाल्यांनी. त्यांची कंपनी आहे."

"कंपनी कंपनी काय लावलंय?" पोरं उठतील म्हणून त्यांनी आवाज दाबला. "महिना झाला मी हेच ऐकतेय. ऑफिस, कंपनी, विभाग. कुणीतरी माणूस बसला असेल ना तिकडे? त्याने हाताने लिहिलं असेल ना? त्याला आईबापाने नाव ठेवलं असेल की नाही?"

प्रीतमने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत आहे. मी त्याला तुझं पत्र दाखवलं होतं.

मी नाव सांगितलं नाही. का, ते तुला सांगायला मी बांधलेली नाही. तुला वाचवायला नाही, एवढं मात्र पक्कं समज. माझ्या तोंडून ते यावं हे मला मान्य नाही. ते तू सांगायचंस.

परतताना बसमध्ये प्रीतम म्हणाला, "मी पुन्हा बोटीवर चढलो नाही तरी चालेल ताई. पण त्या बाईला वाटायला नको की मी वादळ बघूनही बेफिकीर राहिलो."

चौकशीत साक्ष दे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. हेही माझ्यासाठी मागत नाही.

अनुपमा


मुलुंड, १४ ऑगस्ट

सिद्धेश,

उत्तर नाही. बरं.

काल सुनावणी होती, फोर्टात. तुमचे वकील आले होते, अगदी गुळगुळीत माणूस. त्यांनी आपला नकाशा पडद्यावर टाकला. एवढा मोठा तो मी कधी बघितला नव्हता. मला क्षणभर, खरं सांगते, अभिमानच वाटला. मग ते बोलायला लागले.

"सल्ला पूर्णपणे शास्त्रशुद्ध होता. हा त्याचा आधार. तीस वर्षांची निरीक्षणं आहेत यात. आणि योगायोग असा, की या नकाशाच्या दोन कर्त्यांपैकी एक आज इथे बसल्या आहेत. कॅप्टनसाहेबांच्या सख्ख्या भगिनी." हसून माझ्याकडे वळले. "म्हणजे घरात तज्ज्ञ असताना कॅप्टनसाहेबांना शंका होती तर एक फोन करता आला असता."

भर समुद्रातून! वादळात! बहिणीला फोन!

मी उठले. म्हणाले, "या नकाशाचा जोडीदार नकाशा कुठे आहे? आम्ही दोन केले होते."

चौकशीचे अध्यक्ष वयस्क, सभ्य गृहस्थ आहेत. म्हणाले, "बाई, तुम्ही कॅप्टनच्या नात्यातल्या. तज्ज्ञ म्हणून तुमचं म्हणणं मला घेता येणार नाही."

"साहेब, यांनी माझं नाव घेतलं तेव्हा नातं आडवं आलं नाही?"

"एक मिनिट बोला," ते म्हणाले.

एका मिनिटात काय सांगणार? मी म्हणाले, "महिन्याची सरासरी एवढंच सांगते की अमुक घराचं दार बहुतेक वेळा बंद असतं. चोर आला त्या दिवशी ते बंद होतं का, हे दारात जाऊन बघावं लागतं. बघायची सोय होती. सकाळी बलून गेला होता. त्याने सांगितलं होतं की दार सताड उघडं आहे. यांनी बघितलं नाही."

वकील शांतपणे म्हणाले, "बाईंच्या भावना मी समजू शकतो. पण भावाला वाचवण्यासाठी आता त्या आपलेच बाण वाकवतायत."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मी पुढे गेले असते, पण प्रीतमने मनगट धरलं. "ताई, बस." मी बसले. एवढी वर्षं पोरांना शिकवते की मोजलेला आकडा कुणाचं तोंड बघत नाही. काल बघितलं, आकड्यालाही आधी नातं विचारतात.

तिथून घरी गेले नाही. सरळ बोरिवलीला, तुझ्या आईकडे. तू गेल्यापासून महिन्यातून एकदा जाते, हे तुला माहीत नसेल. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. रुक्मिणीआई कुळथाचं पीठ चाळत बसल्या होत्या. प्रीतमचं प्रकरण त्यांना ठाऊक होतं; माझा चेहरा बघून चाळण खाली ठेवली.

"खरा सांग गो," त्या म्हणाल्या, "ता सगळा माझ्या झिलान लिवल्यान काय?"

मी हो म्हणाले.

टीव्ही चालू होता, तो त्यांनी उठून बंद केला. मग म्हणाल्या, "तेका कळव. खरा बोलाचा आसात तर घराक ये. नायतर येव नको."

कळवलं.

अनुपमा


मुलुंड, ६ सप्टेंबर

सिद्धेश,

या वेळी तू चार पानं लिहिलीस. आधीच्या चार ओळी बऱ्या होत्या.

तू लिहितोस, साक्ष दिलीस तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर तिथे राहायचा परवाना जाईल, या धंद्यात पुन्हा कुणी उभं करणार नाही. सगळं खरं असेल. तू लिहितोस, त्या दिवशी तुला बलूनचं मोजमाप बघायचं होतं, पण वरिष्ठ म्हणाले तयार साचा आहे तो पाठव, आणि तू पाठवलास. हेही खरं असेल. इथपर्यंत वाचताना मला तुझी दया येत होती. पण त्यापुढे तू जे लिहिलंस!

प्रीतमने थोडीशी चूक मान्य करावी. कंपनी त्याच्यासाठी किनाऱ्यावर एखादं काम बघेल. वर्षभरात लोक विसरतील.

कोण विसरेल? नाव सांग ना. दर्शनाताई विसरतील? अडकलेला तो खटका अजून रोज मनात ओढून बघणारा प्रीतम विसरेल? निधी सांगते, तो घरातली सगळी दारं, खिडक्या, कड्या पुन्हा पुन्हा लावून उघडून बघतो. मध्येच उठून म्हणतो, "हे सुटतंय ना नीट?" तुझ्या लक्षात येतं का, तू काय मागतोयस? ज्याने विचारलं 'परत येऊ का', त्याने चूक कबूल करायची. ज्याने न बघता 'थांब' लिहिलं, त्याने सिंगापुरात पुढचा साचा भरायचा.

आणि शेवटी तू लिहिलंस, "आपल्या दोघांत जे झालं त्याचा राग तू यात मिसळू नकोस."

हे वाचून मी पत्र टेबलावर आपटलं. सहा वर्षांपूर्वी तू दोन वर्षांत येतो म्हणून गेलास. मी इथे कॉलेज, आईचं आजारपण, आईचं जाणं, सगळं एकटीने केलं. कधी बोल लावला? सोसायटीतल्या बायका विचारायच्या, साहेब कधी येणार, तर मी म्हणायचे, दिवाळीला. कुठल्या दिवाळीला ते मी कधी सांगितलं नाही. तुझी अब्रू मी इतकी सांभाळली आहे की आता माझाच गैरसमज होतो, आपलं काही बिनसलंच नव्हतं. तेव्हा तो राग वेगळा आहे, तो वेगळ्या डब्यात आहे, झाकण घट्ट आहे. त्याला हात लावू नकोस.

हा राग दुसरा. मी आणि तू मिळून एक खरी गोष्ट केली होती. आपल्या लग्नातून पोर झालं नाही, घर झालं नाही, पण ते दोन नकाशे झाले. त्यातला एक तू फाडून काढलास आणि उरलेल्याने माझ्या भावाला मारायला निघालास.

पुढची सुनावणी १९ तारखेला. यानंतर मी लिहिणार नाही.

अनुपमा


मुलुंड, २२ सप्टेंबर

सिद्धेश,

लिहिणार नाही म्हटलं होतं. लिहावं लागतंय.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. सुनावणीच्या हॉलचं दार उघडलं आणि तू आत आलास, चुरगळलेला शर्ट, हातात बॅग, विमानतळावरून थेट. केस किती पांढरे झालेत तुझे. वकिलांचा चेहरा बघितलास? त्यांनाही तू येणार हे माहीत नव्हतं. अर्ध्या मिनिटात सावरून ते म्हणाले, "आमचे शास्त्रज्ञ स्वतः आले, उत्तम. सल्ला प्रस्थापित पद्धतीनुसार होता, एवढंच आपण सांगाल ना?"

तू म्हणालास, "हो. पद्धतीनुसार होता."

म्हटलं, एवढ्या लांबून हे सांगायला आला.

मग तू पाणी मागितलंस. प्यायलास. आणि अध्यक्षांकडे वळून म्हणालास, "पद्धत अशी की तीस वर्षांच्या जूनची सरासरी घ्यायची. तो वारा त्या दिवशी वाहत नव्हता. खरं तर नेमका तसा वारा कुठल्याच दिवशी वाहत नाही. त्या सकाळचं मोजमाप माझ्या समोरच्याच संगणकावर होतं. एकदा बोट दाबून ते उघडायचं होतं. मी उघडलं नाही. उघडलं असतं तर मी लिहिलं असतं, ताबडतोब परत फिरा. कॅप्टनने विचारलेला प्रश्न बरोबर होता. चुकीचं उत्तर माझं."

वकील उठून उभे राहिले. "साहेब, आपण हे कंपनीच्या वतीने बोलत नाही आहात."

"नाही," तू म्हणालास. "माझ्या वतीने बोलतोय. माझं नाव सिद्धेश परब."

मी मागे वळून बघितलं. दर्शनाताई शेवटच्या रांगेत होत्या, मीच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पुटपुटत तुझं नाव एकदा म्हणून बघितलं. प्रीतम समोर बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. दुसऱ्या नकाशाबद्दल अध्यक्षांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "तो अनुपमाने केला. तिला विचारा. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं." मग त्यांना माझं म्हणणं घ्यावंच लागलं. एक मिनिटाऐवजी मी हवं तेवढं बोलले.

हे सगळं तू केलंस. मी नाकारत नाही.

पण नंतर? सुनावणी संपली आणि तू बॅग उचलून जिन्याने खाली गेलास. दर्शनाताई गर्दीतून तुझ्याकडे येत होत्या. मी हाक मारली. तू ऐकलीस, मला माहीत आहे, कारण तुझे खांदे हलले. तू थांबला नाहीस. त्या जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "गेला?"

त्यांना काय सांगू मी? की त्याला पडद्यासमोर, साहेबांसमोर खरं बोलता येतं, पण ज्या बाईचा मुलगा गेला तिच्या डोळ्यांत बघता येत नाही? मी म्हणाले, "हो, गेला." त्या म्हणाल्या, "मी शिव्या देणार नव्हते हो." आणि छत्री उघडून निघून गेल्या.

मला अजून संताप येतोय. तुझाच.

तू बोरिवलीला आईंकडे उतरला आहेस, त्यांनीच सांगितलं. तर ऐक. घाटकोपर स्टेशनबाहेरून माहुलची बस मिळते. शेवटच्या थांब्यावर उतर, पाळणाघर म्हणून कुणालाही विचार. चौथा मजला. लिफ्ट चालत नाही. दुपारी पोरं झोपलेली असतात, तेव्हा जा. मी सोबत येणार नाही, आणि तिथे काय बोलायचं हेही मला विचारू नकोस.

अनुपमा


मुलुंड, ११ ऑक्टोबर

सिद्धेश,

मुलुंड आणि बोरिवली यांच्यात समुद्र नाही, तरी पत्रच लिहिते. समोर आलास तर मी ओरडेन आणि शेजारी ऐकतील.

निकाल लागला, तुला कळलंच असेल. थांबण्याचा सल्ला त्या दिवसाचं हवामान न बघता दिला होता, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. कॅप्टनने वेळेत विचारणा केली, तो योग्य वागला. मात्र माणसांना डेकवर पाठवताना सुरक्षा-दोर लावला गेला नाही, त्यासाठी प्रीतमचा परवाना काही महिने स्थगित. मी अपील करायला निघाले होते. प्रीतम म्हणाला, "नको ताई. तेवढं माझं आहे. ते माझ्याकडे राहू दे." त्या दिवसापासून तो नीट झोपतो, असं निधी म्हणते. स्थगिती संपली की पुन्हा समुद्रावर जाणार आहे. मला भीती वाटते, पण मी बोलले नाही.

तुझी नोकरी गेली. तुमच्या कंपनीने पत्रक काढलं, 'एका कर्मचाऱ्याची वैयक्तिक त्रुटी.' बघितलंस? कालपर्यंत पद्धत होती, आता एका माणसाची त्रुटी झाली. ज्या वरिष्ठाने तुला साचा पाठवायला सांगितला, त्याचं नाव कुठेच नाही. हे मी सोडणार नाही. त्यांचे सल्ले घेणाऱ्या प्रत्येक बोटमालकाला मी दोन्ही नकाशे पाठवते आहे, आणि खाली लिहिते आहे की त्या दिवसाचा वारा विचारल्याशिवाय सल्ला मानू नका. तुला सही करायची असेल तर तुझं नाव घालते. नसेल तर माझं एकटीचं पुरे.

आता ज्यासाठी हे पत्र ते. काल दर्शनाताईंचा फोन आला. तू गेला होतास.

त्या म्हणाल्या, आधी तू दाराबाहेरच उभा राहिलास, आत ये म्हणेपर्यंत. मग जमिनीवर बसलास. त्यांनी तुला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. उंचावरचा वारा म्हणजे काय, तो वादळाला कसा मोडतो, यंदा का नव्हता, तू का बघितला नाहीस. मध्ये तुला रडू आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "रडू नका, सांगा आधी." तू सांगितलंस. मग त्यांनी सम्यकचे फोटो दाखवले, शाळेतल्या पहिल्या दिवसापासूनचे. एकेक. तुला उठू दिलं नाही.

"माफ केलं का त्याला?" मी विचारलं.

"माफ काय करायचं?" त्या तुटकपणे म्हणाल्या. "माझं पोर गेलं. मी त्याला सांगितलं, दरवर्षी त्या दिवशी इथे यायचं. बसायचं. मी असेपर्यंत. तो हो म्हणाला."

मी न राहवून म्हणाले, "ताई, हा माणूस हो म्हणतो आणि निघून जातो. मला विचारा."

त्या म्हणाल्या, "मग तू आण त्याला."

मी? माझा काय संबंध? मी का म्हणून? हे सगळं तोंडापर्यंत आलं. पण त्या बाईला नाही म्हणायची माझी काय हिंमत.

तेव्हा नीट वाच. मी तुला आणायला बोरिवलीला येणार नाही, फोन करणार नाही, आठवणही करणार नाही. जूनमध्ये त्या दिवशी सकाळी तू स्वतः मुलुंडला माझ्या दाराशी येशील, आणि आपण माहुलला जाऊ. मी तयार असेन. तू आला नाहीस तर एकटी जाईन, आणि या वेळी त्यांनी विचारलं तर तू माझा कोण आहेस ते सगळं सांगेन, अगदी दिवाळ्यांसकट.

अनुपमा